कोणाच्या हाती

प्रभुभोजनाचा द्राक्षरस बाजारातून विकत आणायचा नाही, हा घाटकोपरच्या त्या छोट्या मराठी ख्रिस्ती मंडळीचा जुना रिवाज. काळे मनुके आणायचे, निवडून धुऊन आदल्या दिवशी भिजत घालायचे, मंद आचेवर उकळायचे आणि मलमलीच्या फडक्यातून गाळायचे. महिन्याच्या पहिल्या रविवारी, येशूच्या शेवटच्या भोजनाच्या आठवणीत सगळ्यांनी घोटभर घ्यायला, तो रस बोटाएवढ्या पेल्यांत भरून मेजावर ठेवायचा. हे काम नंदाबाई रणभिसे यांच्याकडे कधी आलं ते आता कोणाला आठवतही नाही. बालवाडीच्या शिक्षिका म्हणून त्या केव्हाच निवृत्त झाल्या, पण मनुक्यांतून त्यांना कोणी निवृत्त केलं नाही. चर्चच्या नव्या पाळकांनी एकदा बाटलीतला रस आणून पाहिला, तर म्हाताऱ्यांनी खोकल्याचं औषध पाजल्यासारखी तोंडं केली. पुढच्या महिन्यात मनुके परत आले आणि नंदाबाईही.

अशा बाईने एका रविवारी स्वतःच्याच हातचा पेला घेतला नाही. लोकांना आधी वाटलं, बाईंना बरं नसेल.

नंदाबाई मुळातच भित्र्या. विजेला भ्यायच्या, लिफ्टला भ्यायच्या, दारावर अनोळखी माणूस आला की साखळी लावून फटीतून बोलायच्या. ही भीती त्यांना वारशात मिळाली होती म्हणा ना. नेवाशाकडच्या खेड्यात त्यांच्या आजोबांनी गावचे देव सोडून बाप्तिस्मा घेतला, तेव्हा भावकीतला एक म्हातारा म्हणाला होता, "आपला सोडलास ते सोडलास. पण उद्या त्या नव्याने ओळख दाखवली नाही, तर जाशील कुठं बाबा?" आजोबा हसले होते म्हणे. ही गोष्ट घरात गमतीने सांगितली जायची आणि सगळे पोट धरून हसायचे. लहानगी नंदा तेवढी हसायची नाही.

लग्न करून त्या घाटकोपरच्या चाळीत आल्या. नवरा शांतवन विक्रोळीच्या एका कारखान्यात लेथवर. माणूस सरळ, निर्व्यसनी, बायकोला जपणारा. त्यांना एकच मुलगी झाली, करुणा. ती सात वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला आणि दवाखान्यात नेल्यावर दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांचे चेहरे बदलले. शांतवनरावांची दुसरी पाळी होती. त्या काळी असे निरोप कारखान्याच्या गेटपर्यंत पोचायचे आणि तिथेच बसून राहायचे. खाटेजवळ नंदाबाई एकट्या होत्या.

करुणा भेदरली होती. आईचा हात तिने असा घट्ट धरला होता की नखं रुतत होती. पोर पार थकली होती आणि केवळ भीतीपायी डोळे मिटत नव्हती, हे आईला दिसत होतं. नंदाबाई वाकून म्हणाल्या, "घाबरू नको बाळा. येशू दारातच उभा आहे बघ. त्याचा हात धर." करुणाने दाराकडे पाहिलं. मग तिने आईचा हात सोडला. शहाणं मूल होतं ते, सांगितलेलं ऐकायचं.

हे नंदाबाईंनी नवऱ्याला कधी सांगितलं नाही, आणि त्यांनीही कधी विचारलं नाही. करुणा गेल्यावर पुढे मूल झालं नाही. एकट्या असल्या की त्या आपल्या उजव्या हाताकडे बघायच्या आणि मनाला समजवायच्या, मी पोरीला सोडलं नाही, माझ्याहून मोठ्या हाती दिलं. या एका वाक्याच्या आधारावर बाईने सगळा संसार रेटला. चाळ पडली, तिथे टॉवर झाला, सातव्या मजल्यावर घर मिळालं, गुडघे गेले, केस गेले. ते वाक्य मात्र टिकलं.

आणि मग शांतवनराव निवृत्त झाले. निवृत्त माणसाच्या हाती मोबाइल द्यावा की नाही, यावर सरकारने कायदा करायला हवा. शांतवनरावांच्या हाती मोबाइल आला आणि त्यातून जगभरचे वाद घालणारे लोक त्यांच्या हॉलमध्ये येऊन बसले. बायबलचं कोणतं भाषांतर खरं, येशू देव की देवाचा केवळ पुत्र, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा एकच हे त्रैक्य शास्त्रात आहे की माणसांनी मागून रचलं, असे विषय सकाळच्या चहापासून सुरू व्हायचे. लेथवर आयुष्य गेलेल्या या माणसाला सुताएवढा फरक खपायचा नाही. चार भाषांतरांत एकच वचन चार तऱ्हांनी दिसलं की ते बेचैन व्हायचे.

त्यात दारावर शनिवारवाले आले. त्यांच्या पंथाचं लांबलचक नाव नंदाबाईंच्या जिभेवर कधी बसलं नाही, म्हणून घरात त्यांना शनिवारवालेच म्हणत. दर शनिवारी दोघे यायचे. बोलणारे ते खंडूभाऊ, पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, काखेत चामड्याची बॅग. दुसरा नुसता मान डोलवायचा. नंदाबाईंनी नेहमीप्रमाणे साखळी लावली होती, पण शांतवनरावांनी ती स्वतः काढली आणि म्हणाले, "या, बसा. मी वाटच बघत होतो कोणाची तरी."

खंडूभाऊ माणूस वाईट नव्हता. उलट इतकं मऊ बोलायचा की भांडायची सोय नव्हती. त्याच्याकडे त्यांच्या पंथाने स्वतः केलेलं भाषांतर होतं. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या आरंभी जो 'शब्द' येतो, तो म्हणजे येशू, आणि तो देव होता, असं नंदाबाई लहानपणापासून वाचत आल्या होत्या. खंडूभाऊंच्या पुस्तकात तो देवासारखा कोणी होता, थोर होता, सर्वांत आधी निर्माण झालेला होता, पण देव नव्हता. शांतवनरावांनी दोन्ही पुस्तकं मांडीवर घेतली आणि चष्मा कपाळावर सरकवून तीच ओळ दोन्हींत आळीपाळीने वाचली. स्वयंपाकघराच्या दारातून नंदाबाई त्या दोन पुस्तकांकडे बघत होत्या.

चार-सहा शनिवारांतच शांतवनराव पुरते फिरले. जेवणाआधीच्या प्रार्थनेत ते येशूचं नाव घ्यायचं थांबले नाहीत, पण आता नुसतं 'त्याच्या द्वारे' म्हणायचे, त्याला हाक मारायचे नाहीत. बायकोला म्हणाले, "नंदा, आपण आयुष्यभर चुकीचं करत आलो गं. पुत्राला देव करून बसलो." हे ते एखाद्या नळाची गळती सापडल्यासारखं सांगायचे, समाधानाने.

शेवटी त्यांनीच घाट घातला. पाळकसाहेब आणि खंडूभाऊ यांना समोरासमोर बसवायचं, दूध का दूध, पानी का पानी. पाळक हर्षद मकासरे तरुण, शिकलेले, अंगात जोम. शनिवारी दुपारी हॉलमधल्या टीपॉयवर पुस्तकांचा ढीग पडला. लग्नात मिळालेलं जुनं बायबल, मंडळीतल्या पोरांसाठी आणलेलं सोप्या मराठीतलं, शनिवारवाल्यांचं, आणि पाळकांच्या मोबाइलमधली इंग्रजी भाषांतरं. नंदाबाईंनी कांदेपोहे केले होते. ते तसेच निवले.

"थोमा शिष्याने मेलेल्यांतून उठलेल्या प्रभूला पाहिलं तेव्हा त्याला काय म्हणून हाक मारली, ते सांगा की," पाळक म्हणाले. "देव म्हणूनच ना? आणि प्रभूने त्याला अडवलं का?"

"पण येशू स्वतः म्हणाला ना, की पिता माझ्याहून थोर आहे," खंडूभाऊ हसून म्हणाले. "मग कोणाचं धरायचं? थोमाचं की खुद्द येशूचं?"

"अहो, ते तो देह धारण करून आला होता तेव्हाचं बोलणं आहे!"

"हे तुम्ही सांगता साहेब. तिथे लिहिलंय का?"

असं दोन तास चाललं. एकाने वचन काढावं, दुसऱ्याने दुसरं काढून त्यावर ठेवावं. सोप्या मराठीतल्या पुस्तकात तर एके ठिकाणची ओळच पानाच्या तळाशी बारीक अक्षरात गेलेली निघाली. "बघा, ही कुठे गेली?" असं शांतवनराव ओरडले तेव्हा नंदाबाईंनी हातातली कपबशी खाली ठेवली. ज्या पुस्तकातली ओळ खाली घसरू शकते, त्यातलं वर काय राहील याचा भरवसा काय? त्या कधी मोठ्यांच्या चर्चेत बोलत नसत. त्या दिवशी बोलल्या.

"मला एक सांगा. येशूला हाक मारली, तर ऐकतो का कोणी?"

पाळक म्हणाले, "ऐकतो म्हणजे काय! मंडळी पहिल्या दिवसापासून त्यालाच हाक मारत आलीय, मावशी."

खंडूभाऊंनी मान हलवली. "नाही ताई. हाक फक्त पित्याला मारायची, पुत्राच्या द्वारे. पुत्रालाच हाक मारणं म्हणजे शेजारच्या दाराची बेल दाबण्यासारखं आहे." शनिवारी शनिवारी परक्यांच्या बेल दाबत फिरणाऱ्या माणसाने हे सांगावं, यात काही विनोद आहे हे तिथे कोणाच्या लक्षात आलं नाही.

"आणि लहान मुलाला कोणी तसं शिकवलं असेल तर?"

"देव दयाळू आहे," खंडूभाऊ म्हणाले, आणि ते अगदी मनापासून म्हणाले. पण नंदाबाईंच्या कानात बेलच वाजत राहिली. दवाखान्याच्या दारात कोणीच उभं नव्हतं आणि सात वर्षांच्या पोरीने आईचा हात सोडून तिकडे हात पुढे केला होता, हे चित्र त्यांना पहिल्यांदा दिसलं. त्या आत गेल्या आणि ओट्याला धरून उभ्या राहिल्या.

दुसऱ्याच दिवशीचा रविवार महिन्याचा पहिला. शनिवारी रात्री वादाला आलेले सगळे पांगल्यावर त्यांनी सवयीने मनुके भिजत घातले, सकाळी रस केला, पेले भरले. भोजनाआधी पाळकांनी नेहमीची ताकीद वाचली, की जो कोणी अयोग्य रीतीने यात भाग घेईल तो स्वतःवर न्याय ओढवून घेईल. ही ताकीद नंदाबाईंनी हजारदा ऐकली असेल. त्या दिवशी ती फक्त त्यांच्यासाठीच वाचली जात होती. तो देव असेल आणि आपण संशय घेऊन त्याच्या मेजाशी गेलो, तर ते पाप. तो देव नसेल आणि आपण त्याच्यापुढे गुडघे टेकले, तर तेही पाप. इकडे आड, तिकडे विहीर. रांगेने लोक उठले, उपासना संपली, आणि नंदाबाई बाकावरच होत्या.

बाहेर पायऱ्यांवर भगिनी मंडळाच्या उत्तराबाईंनी गाठलंच. "काय गं नंदा, तुझ्या हातचा रस आणि तूच बसून? काही भानगड तर नाही ना?"

"पित्त झालंय," नंदाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या महिन्यातही पित्त झालं. तिसऱ्या महिन्यात कोणी विचारलं नाही, म्हणजे एकमेकांत विचारून झालं होतं.

शांतवनराव मात्र खूश. "म्हणजे तुलाही पटलं शेवटी!"

"पटलं कुठे? भीती वाटते मला."

"भीती कसली त्यात? मेलेली माणसं झोपलेली असतात, त्यांना काही कळत नाही. करुणा झोपलीय. उठवायची तेव्हा देव उठवील."

"एकटीच झोपलीय?" नंदाबाईंनी विचारलं. शांतवनरावांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मंडळीतल्या कोणाशी बोलायची सोय नव्हती, म्हणून नंदाबाईंनी ते नलिनीला सांगितलं. नलिनी शेजारच्या फ्लॅटमधली, मूळची कुडाळची, नवरा गिरणीत होता तेव्हापासूनची चाळीतली मैत्रीण. गच्चीवर पापड वाळत घालताना नंदाबाईंनी आधी वादाचं सांगितलं. नलिनीने ते उडवूनच लावलं. "अगो, देवाक काय रेशनकार्ड लागता? हाक मारल्यार जो धावान येता, तो देव."

"आणि आलाच नसेल तर?" असं म्हणून नंदाबाईंनी करुणाच्या हाताचं सांगितलं. आजवर कोणाला न सांगितलेलं. नलिनीने हातातला पापड खाली ठेवला. तिने नंदाबाईंचा तो उजवा हात आपल्या ओल्या हातात घेतला आणि दोघी उन्हात बसून राहिल्या.

पावसाळा सरता सरता शांतवनरावांच्या छातीत दुखलं. जवळच्या मोठ्या दवाखान्यात तपासण्या झाल्या, नळ्या तुंबलेल्या निघाल्या, बायपास ठरली. डॉक्टरांनी धीर दिला, आणि धीर देताना वयाचं आणि साखरेचंही सांगितलं. खंडूभाऊ भेटून गेले, पाळक भेटून गेले. दोघांनी आपापल्या रीतीने प्रार्थना केली आणि दोघांनाही शांतवनराव म्हणाले, "मी अगदी निवांत आहे." नंदाबाईंनी त्यावर विश्वास ठेवला. त्यांना वाटलं, घाबरायचं काम या घरात आपल्या एकटीकडे आहे.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना हिरवा झगा घातला. दात काढून डबीत ठेवले, चष्मा काढला. त्या मोठ्या माणसाचं एकदम लहान मूल झालं. स्ट्रेचर आणायला गेलेली नर्स यायची होती. शांतवनरावांनी बायकोचा हात धरला, आणि ती पकड नंदाबाईंच्या ओळखीची होती. नखं रुतत होती.

"नंदा, खूप भीती वाटते गं."

"अहो, होईल सगळं नीट."

"करुणा... ती घाबरली होती का?"

इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी विचारलं. "हो. खूप."

"मग तू काय म्हणालीस तिला?"

नंदाबाईंनी सांगितलं. येशू दारातच उभा आहे, त्याचा हात धर, असं मी म्हणाले. शांतवनराव छताकडे बघत ऐकत होते.

"आणि तिने?"

"तिने माझा हात सोडला."

त्यांच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उतरून कानांत गेलं. मग ते म्हणाले, "मलाही सांग."

"अहो, पण तुम्हीच तर..."

"सांग गं. तसंच सांग."

नंदाबाईंना एकदम संतापही आला. ज्याने ते वाक्य दोन पुस्तकं मांडीवर घेऊन मोडलं, तोच आता ते अखंड मागत होता. आणि संतापाच्या खाली नुसती भीती. ते खोटं असेल तर? एकदा पोरीला सांगून बसले, आता दुसऱ्यांदा, दुसऱ्या जिवाला? बाहेर स्ट्रेचरची चाकं वाजली. विचाराला वेळ नव्हता. त्या वाकल्या आणि कापऱ्या आवाजात म्हणाल्या, "घाबरू नका. येशू दारातच उभा आहे. त्याचा हात धरा."

शांतवनरावांनी दाराकडे मान वळवली. हळूहळू त्यांची पकड सैल झाली आणि त्यांनी हात सोडला, अगदी लेकीसारखा. पण या खेपेला नंदाबाईंनी सोडला नाही. स्ट्रेचरच्या बाजूने त्या तशाच चालत गेल्या, लिफ्टमध्ये शिरल्या, ज्या लिफ्टला त्या जन्मभर भ्यायल्या होत्या तिच्यात. ऑपरेशन थिएटरच्या दारापाशी नर्स म्हणाली, "आजी, सोडा आता." त्यांना सोडता येईना. शेवटी नर्सने त्यांची बोटं एकेक करून उघडली.

दार बंद झालं. बाकावर नलिनी डबा घेऊन बसली होती. तिने सरकून जागा केली.

"बस हय. तू तुझ्या देवाक हाक मार, मी माझ्या मारतंय."

नंदाबाई बसल्या. "नलू, नाव कोणाचं घेऊ गं?" त्या म्हणाल्या. "मला खरंच माहीत नाही. चुकीच्या दारावर टकटक केली तर?"

"चेडवाक, तुझ्या करुणाक, कोणाचा नाव सांगितलंस?"

"येशूचं."

"आणि आता ह्यांका?"

"तेच."

"मगे तांच घे." नलिनीने डोळे पुसले. "आता मधीच बदललंस, तर बापूस आणि चेडू खंय शोधतली एकामेकांक?"

नंदाबाईंनी बंद दाराकडे पाहिलं. दारात कोणी दिसत नव्हतं. त्यांनी दुखऱ्या बोटांची मूठ केली, डोळे मिटले आणि घाबरत घाबरत तेच नाव घेतलं.